सोमवारी येऊ नकोस

सिग्नल हिरवा झाला तरी अन्सेल्मोची गाडी हलली नाही. मागच्याने एकदा हॉर्न वाजवून पाहिला, मग हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेजारच्या सीटवर डेल्मर अँटोन बसला होता. गुडघ्याखाली संपलेल्या डाव्या पायावर त्याने टोपी ठेवली होती, आणि तो नुकतंच म्हणाला होता, "सोमवारी येऊ नकोस." आज ऊन फार आहे, किंवा तुझा हा पुढचा टायर बदलायला झालाय, हे तो ज्या आवाजात सांगायचा त्याच आवाजात. सोमवारी दुसरं कोणी नेणार असेल, असं अन्सेल्मोला वाटलं. त्याने तसं विचारलंही. "कोणी नेणार नाही," डेल्मर म्हणाला. "पुरे झालं आता." आणि थोड्या वेळाने, "हिरवा लागलाय. ते मागचे गृहस्थ सांगतायत बघ केव्हाचे."

अन्सेल्मो किरोगाने गाडी पुढे काढली. सिक्स्थ अॅव्हेन्यूवरची दुकानं नेहमीच्या क्रमाने येऊन मागे गेली. टायरवाला, मांसवाला, लग्नाचे पोशाख भाड्याने देणारी बाई. मेक्सिकोच्या सीमेवरच्या गस्तीच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि त्या नोकरीतली बहुतेक वर्षं त्याने डेल्मरच्या शेजारी, एकाच ट्रकच्या पुढच्या सीटवर काढली होती. फक्त तेव्हा चालवायचा डेल्मर. तो ओओदम जमातीचा, त्या सीमेवरच्या वाळवंटातलाच. जमिनीवरचा माग काढायचा तर गाडी आपल्या हातात हवी असं त्याचं म्हणणं. साखरेने आधी त्याच्या किडन्या नेल्या, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. तेव्हापासून तो टूसान शहरातच एका खोलीत राहत होता, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार अन्सेल्मो त्याला डायलिसिसला नेत होता. नेत होता म्हणजे काय, तर खाली जाऊन हॉर्न वाजवायचा, चाकाची खुर्ची घडी करून मागे टाकायची, केंद्राच्या दारात सोडायचं, आणि रक्त धुऊन होईपर्यंत पार्किंगमधल्या एकुलत्या एका झाडाच्या सावलीत गाडी लावून बसायचं. आत बसायला जागा होती. तो आत बसत नसे. का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं.

डेल्मरला त्याच्या दारात सोडून तो घरी निघाला. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, हे त्याला कळत होतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की जीभ तोंडात असते, पण आपली नसते; माणूस ती पुन्हापुन्हा दातांवर दाबून बघतो. तसं तो ते वाक्य मनातल्या मनात दाबून बघत होता. सोमवारी येऊ नकोस. पुरे झालं आता. काही होत नव्हतं. एका वळणावर त्याला भूक लागली असल्याचं मात्र कळलं.

ग्रासिएला, त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकतीच परतली होती आणि पाय बादलीत घालून बसली होती. त्याने सांगितलं तसे तिचे डोळे एकदम भरले. तिचं सगळं तसंच असायचं, चटकन वर येणारं. मग ती म्हणाली, "आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"सिग्नल हिरवा झाला होता."

टॉवेलने पाय पुसता पुसता तिने त्याला खूप काही ऐकवलं. माणूस असा सोडून देतात का, उद्याच्या उद्या जा, त्याला सांग की नवीन औषधं येतायत, सांग की पायाचं दुसऱ्या डॉक्टरला विचारू, सांग की आम्हाला तू हवायस. तुझंच ऐकेल तो, दुसऱ्या कोणाचं नाही. हे शेवटचं खरं आहे की नाही, ते अन्सेल्मोला माहीत नव्हतं. डेल्मरने त्याचं काही ऐकावं असं त्याने त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी तो गेला. ग्रासिएलाने डब्यात मक्याचे तामाले दिले होते. डेल्मर खिडकीशी खुर्ची ओढून खालच्या गल्लीतला मातीचा पट्टा बघत बसला होता. अन्सेल्मोने नवीन औषधांचं सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरचं सांगितलं. डेल्मर मान हलवत ऐकत होता, शाळेतल्या पोराची कविता ऐकावी तसा.

"हे ग्रासिएलाचं झालं," तो म्हणाला. "आता तुझं सांग."

अन्सेल्मो म्हणाला, "दुसऱ्या पायाचं काय म्हणतात?"

"काढायचा म्हणतात. अंगठा काळा पडलाय." डेल्मरने आपल्या उजव्या बुटाकडे बघितलं. "तू बघतोस ना. तू मला सोडतोस, मी पडल्या पडल्या छताकडे बघतो. घरी येऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी कुठे जरा माणसांत येतो, तर तू खाली परत हॉर्न वाजवतोस."

"हॉर्न नाही वाजवणार."

डेल्मर हसला. हसताना तो आवाज करत नसे, नुसते खांदे हलायचे. "एक तरी पाय घेऊन जातो," तो म्हणाला. "मला आमच्या वस्तीवर सोड. बहिणीकडे, रोसिल्डाकडे. तिला फोन केलाय मी. रडली, शिव्या दिल्या, मग म्हणाली मांडव झाडून ठेवते."

किती दिवस, असं अन्सेल्मोने विचारलं नाही. नर्सने डेल्मरला सांगितलंच होतं: डायलिसिस थांबवलं की एक आठवडा, दोन आठवडे, झोप वाढत जाते. डबा उघडून दोघांनी एकेक तामाले खाल्ला. मग डेल्मर खिडकीकडे बघत म्हणाला, "खड्डा खणायला तू पण ये. आमच्यात घरचीच माणसं खणतात."

"मला येऊ देतील?"

"नाही देणार. तू ये."

रविवारी ते निघाले. शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग सुरू झाले, हात वर केलेले, खूप दिवस कोणी हात खाली करा म्हणून सांगितलं नसावं तसे. हा रस्ता अन्सेल्मोच्या हाडांत होता. इथून आत जाणाऱ्या मातीच्या वाटा, रोज संध्याकाळी ट्रकमागे जुने टायर बांधून ते दोघं झाडून काढायचे, म्हणजे रात्री कोणी ओलांडून गेलं तर सकाळी पाऊल दिसतं. डेल्मर दार उघडं ठेवून, अर्धा बाहेर लोंबकळत, इतकी हळू गाडी चालवायचा की अन्सेल्मोचा डोळा लागायचा. मग गाडी थांबायची. पाच जण, डेल्मर म्हणायचा, एक लंगडतोय, एक बाई आहे, थकलेत. पुढची माहिती रेडिओवर द्यायचं काम अन्सेल्मोचं. बहुतेक वेळा माणसं सापडायची ती जिवंत, कुठल्या तरी पालोव्हेर्दीच्या झाडाखाली बसलेली, आणि त्यांना पाणी देताना डेल्मर दरडावून सांगायचा, घोट घोट, घोट घोट, एकदम नाही. पण प्रत्येक उन्हाळ्यात काही माग असे निघायचे की डेल्मर मध्येच बोलायचं बंद करायचा. पावलं आता सरळ जात नव्हती. वाटेत शर्ट पडलेला, उन्हाने भ्रमलेल्या माणसाने काढून टाकलेला. पुढे बूट. अन्सेल्मोला तेव्हाच कळायचं आणि तो शववाहिकेसाठी रेडिओ हातात घ्यायचा, अजून काही दिसलेलं नसताना.

गाडी यायला अर्धा दिवस लागायचा. अन्सेल्मो ट्रकमध्ये एसी लावून बसायचा. डेल्मर त्या माणसापासून थोड्या अंतरावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मातीत बसायचा आणि त्याच्याशी बोलायचा. काचेतून ओठ हलताना दिसायचे. वर्षानुवर्षं अन्सेल्मोने ते बघितलं. प्रार्थना करत असेल, असं त्याने धरून ठेवलं होतं. एकदा कॉफी पिताना सहज विचारलं, तर डेल्मर म्हणाला, छे, प्रार्थना कुठली, सांगतो आपलं. हा समोरचा डोंगर कोणता, पाणी कुठल्या बाजूला होतं, रस्ता कुठे जातो. नवीन आलेला माणूस, ओळखीचं कोणी नाही, त्याला निदान कळायला तरी हवं की आपण कुठे आहोत.

एक बाई होती. तिने बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते आणि मोज्यांची घडी करून एका बुटात खोचली होती, जणू कोणाच्या तरी घरात आत जायचं आहे. या बाईची अन्सेल्मोला आठवण यायची तेव्हा ती बाईची नसायची, दुपारच्या जेवणाची असायची. त्या दिवशी ट्रकमध्ये त्याने ग्रासिएलाने दिलेला बुरितो खाल्ला होता, आत अंडं आणि बटाटा होता, आणि मीठ कमी होतं. मीठ कमी आहे हे त्याला कळलं होतं. काचेपलीकडे डेल्मर त्या बाईला डोंगर दाखवत होता. पुढे रात्री कधी, वाढदिवसाच्या पार्टीत कधी, मुलीच्या लग्नात फादर बोलत असताना, त्या बुरितोची चव त्याच्या तोंडात यायची आणि तो ग्लासभर पाणी प्यायचा. दुसरं काही व्हायचं नाही. ग्रासिएला सुरुवातीला म्हणायची, अरे बोल. नंतर म्हणेनाशी झाली. मुलगी फोनवर आईशी बोलायची आणि शेवटी म्हणायची, बाबांना सांग. डेल्मरने मात्र त्याला कधी बोल म्हटलं नाही, कधी काय झालं म्हणून विचारलं नाही, आणि त्याच्यासोबत असताना अन्सेल्मोला आपल्यात काही कमी आहे असं वाटायचं नाही. मैत्री म्हणजे काय, असं कोणी विचारलं असतं तर त्याला एवढंच सांगता आलं असतं.

चौकीपाशी गाड्यांची रांग होती. याच चौकीवर दोघांनीही कधीकाळी उन्हात उभं राहून दिवस काढले होते. आता तिथे एक तरुण अधिकारी होता, कोवळ्या मानेचा, काळ्या चष्म्याचा. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "दोघंही नागरिक ना?"

अन्सेल्मो हो म्हणणार, तोच डेल्मर पलीकडून म्हणाला, "मी इथलाच आहे. याला नीट विचारा, याचा भरवसा नाही."

पोराला हसावं की नाही ते कळलं नाही. त्याने मागच्या सीटवरची चाकाची खुर्ची बघितली, डेल्मरचा तुटका पाय बघितला आणि हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. बराच वेळ डेल्मरचे खांदे हलत होते. मग तो झोपला.

रोसिल्डा त्याची मोठी बहीण. सत्तरीच्या पुढची, रुंद, चेहऱ्यावर ऊन मुरलेलं. तिने मांडवाखाली खाट टाकली होती, वर सग्वारोच्या फासळ्यांचं छप्पर, त्यातून उन्हाच्या चिरफळ्या खाटेवर पडायच्या. दुपारी उन्हात बाहेर बसवत नसे तेव्हा त्याला घरात घ्यायचे, कूलरसमोर. अन्सेल्मो दर सकाळी टूसानहून यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. गाडीचा रस्ता लांबचा होता. दिवसभर तो काय करायचा, हे ग्रासिएलाने विचारलं तर तो सांगायचा, गेटची बिजागरी बसवली, पंपाचा वॉशर बदलला. रोसिल्डा त्याच्याशी फार बोलत नसे. ताटात गव्हाच्या पातळ रोटीचा भला मोठा तुकडा आणि तपकिरी घेवड्याची उसळ वाढून ती म्हणायची, "खा. तो खात नाही, तू तरी खा." तिचा मुलगा हार्लन संध्याकाळी कामावरून यायचा. तो अन्सेल्मोकडे बघत नसे. अन्सेल्मोला तो चेहरा ओळखीचा वाटायचा आणि कुठे ते आठवायचं नाही. मग एक दिवस आठवलं. आपल्याच जमिनीवर, आपल्याच आजीच्या घराच्या वाटेवर, गस्तीच्या लोकांनी ज्या ओओदम पोरांना थांबवून कागद विचारले होते, त्यांत हा असायचा. पुन्हापुन्हा. अन्सेल्मोनेही विचारले असतील.

डेल्मर खरोखरच जास्त जास्त झोपत गेला. जागा असला की तो मांडवातून समोरच्या अंगणात बघत बसायचा आणि कोंबडी कुठून आली, कुठे गेली ते सांगायचा. एकदा म्हणाला, "तुझा उजवा बूट आतल्या बाजूने झिजतो. पूर्वी बाहेरून झिजायचा." अन्सेल्मोने बूट उलटा करून बघितला. खरं होतं. एकदा त्याने रोसिल्डाला हाक मारून ओओदम भाषेत काहीतरी सांगितलं, आणि ती अन्सेल्मोकडे वळून बघत राहिली आणि आत गेली.

ज्या दुपारी तो गेला, त्या दुपारी कूलरची गवताची पॅनेलं बदलायला झाली होती. पाणी नीट झिरपत नव्हतं, आत गरम वारा येत होता. अन्सेल्मो बाहेरच्या बाजूला शिडीवर उभा राहून जुनं कुजलेलं गवत उपसत होता. नवीन पॅनेलं बसवली, नळी लावली, पाणी सोडलं, पंप घरघरला आणि पाण्याची धार सारखी झाली, तेव्हा तो खाली उतरून, हात पँटला पुसत आत आला. रोसिल्डा खाटेच्या कडेला बसली होती. डेल्मरचा हात तिच्या हातात होता.

"झालं," ती म्हणाली.

अन्सेल्मोने खाटेकडे बघितलं. त्याने आयुष्यात इतकी मेलेली माणसं बघितली होती की काय झालंय ते दारातूनच कळलं. तो म्हणाला, "पाणी चालू केलंय. थोड्या वेळात गार होईल."

रोसिल्डाने मान हलवली, बरं म्हटल्यासारखी. आणि खोली खरंच गार होत गेली, ओल्या गवताचा वास यायला लागला, आणि फादरला बोलवायला कोणी गेलं, बायका आल्या, चुलीवर मोठी भांडी चढली, तरी ते वाक्य खोलीत तसंच लोंबकळत राहिल्यासारखं अन्सेल्मोला वाटत होतं. आपण दुसरं काय म्हणायला हवं होतं ते त्याला सुचत नव्हतं. तो कूलरच्या बाजूलाच उभा राहिला आणि लोक त्याला वळसा घालून जात होते.

पुरायचं होतं त्या दिवशी तो उजाडताच निघाला. ग्रासिएला शेजारणीच्या गाडीतून मागाहून येणार होती. दफनभूमी वस्तीच्या वरच्या अंगाला होती, पांढरे क्रूस, प्लास्टिकची फुलं, दगडांनी आखलेल्या कडा. हार्लन आणि आणखी चार-पाच पुरुष आधीच लागले होते. वरची माती हाताने निघत होती. खाली चुनखडीचा थर लागला होता, सिमेंटसारखा. अन्सेल्मो कडेला जाऊन उभा राहिला. पुरुष बोलायचे थांबले.

हार्लन कमरेएवढ्या खड्ड्यात होता. त्याने घाम पुसला. "गस्तीवाले खड्डे खणतात होय?" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं नुसते रस्ते अडवतात."

कोणीतरी हसलं. अन्सेल्मो म्हणाला, "त्याने सांगितलं होतं."

"माहितीये," हार्लन म्हणाला. "आईलाही सांगून गेलाय, याला खणू द्या म्हणून." तो वर आला आणि पहार अन्सेल्मोच्या पायाशी टाकली. "खण मग. कागद विचारत नाही कोणी इथे."

अन्सेल्मो आत उतरला. पहार उचलली, आपटली. थरावर एक पांढरा ओरखडा उठला, दुसरं काही नाही. पुन्हा आपटली. वरून सगळे बघत होते. आता पुरे म्हणून कोणीतरी सांगेल असं त्याला वाटत होतं, पण तसं कोणी सांगितलं नाही, आणि थोड्या वेळाने तो वाट बघायचाही थांबला. पहारीचा हादरा दंडातून मानेत, मानेतून दातांत जात होता. एक टवका उडाला. मग ताटलीएवढा एक तुकडा सुटला आणि हार्लनने वाकून तो बाहेर ओढला. ऊन चढलं. पुरुष पुन्हा आपापसात ओओदममध्ये बोलायला लागले, बहुतेक दुसऱ्याच कशाबद्दल, एक जण काहीतरी गमतीचं सांगत होता. पाण्याचं भांडं फिरत फिरत खाली त्याच्यापर्यंत आलं. तो प्यायला आणि त्याने ते वर दिलं. कोणी त्याला बाहेर ये म्हणालं नाही. हार्लन पलीकडच्या टोकाला उतरून फावड्याने चुरा उपसायला लागला, आणि दोघांच्या पाठी अधूनमधून एकमेकांना लागत होत्या.

"मामा तुमच्याबद्दल बोलायचा," हार्लन खाली बघत म्हणाला. तो कधी तुम्ही म्हणायला लागला ते अन्सेल्मोच्या लक्षात आलं नाही. "मी भांडायचो त्याच्याशी. त्या लोकांसोबत कशाला फिरतोस म्हणायचो. तर म्हणायचा, हा सोबत असला की एकटं असल्यासारखं वाटतं."

अन्सेल्मोने पहार थांबवली.

"चांगल्या अर्थाने म्हणायचा," हार्लन म्हणाला. "ज्याला त्याला नाही असं म्हणायचा तो." आणि मग, "त्या कोपऱ्यात अजून उंचवटा आहे. तेवढा काढा."

अन्सेल्मोने तो काढला. वर यायची वेळ झाली तेव्हा त्याचे पाय उचलेनात. हार्लनने वरून हात दिला, दुसऱ्या कोणी तरी काखेत धरलं, आणि त्याला माती लागलेल्या पोत्यासारखं काठावर ओढून घेतलं. मग पेटी आली, फादर बोलले, म्हाताऱ्या पुरुषांनी हळू आवाजात गाणी म्हटली. पहिल्यांदा घरच्यांनी मूठमूठ माती टाकायची होती. रोसिल्डाने टाकली, हार्लनने टाकली, आणि मग रोसिल्डाने मागे वळून बघितलं. ती कोणाला शोधतेय ते अन्सेल्मोला आधी कळलं नाही. ग्रासिएलाने त्याला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. त्याने माती टाकली. चुनखडीची, खडे असलेली, पेटीवर वाजली. जेवणाच्या वेळी रोसिल्डाने त्याच्या ताटात लाल मिरचीचं मटण वाढलं आणि त्याच्याजवळ बसून स्वतःही जेवली.

परत येताना गाडी ग्रासिएलाने चालवली. अन्सेल्मोला चाक धरता येत नव्हतं, तो म्हणाला झोप आलीय, आणि तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं. घरी आल्यावर संध्याकाळच्या उजेडात स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तिने त्याचे तळवे उलटे करून बघितले. फोड आले होते, फुटले होते, पुन्हा आले होते. कातडीच्या आत पांढरा चुरा बसला होता. तिने कोमट पाणी आणलं. एकेक बोट धुतलं, खडा असेल तिथे नखाने अलगद काढला. तो बघत होता, पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या हातांकडे बघावं तसा, आणि मग पाणी एका उघड्या जागी लागलं आणि त्याने हात मागे घेतला.

"दुखतंय?"

त्याने हात पुन्हा पुढे केला आणि थोडा वेळ थांबला, नीट पाहून सांगायचं असल्यासारखा.

"हो," तो म्हणाला. "खूप."

त्याच्या तोंडून असं काही किती वर्षांनी ऐकलं, ते ग्रासिएलाला आठवेना. ती उठून मलमाची ट्यूब घेऊन आली. टोपण काढलं, तर तो म्हणाला, "राहू दे."

"अरे, पिकतील."

"उद्या लाव. आजचा दिवस राहू दे."

ती ट्यूब हातात धरून उभी राहिली. मग तिने टोपण पुन्हा बसवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. हात टेबलावर उताणे पडले होते. ठणका मनगटापर्यंत आला होता, आणि तो हळूहळू आणखी वर येत होता.